पोटखराब

मासा मागवला आणि पोस्टाने मातीची पुडी आली, तर तुम्ही काय म्हणाल? "फसवलं!" हेच ना? पण किलीफिश पाळणाऱ्या हौशी मंडळींमध्ये हा अगदी रोजचा व्यवहार आहे. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत मूठभर ओलसर भुसभुशीत माती, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर माशाच्या जातीचं नाव आणि एक तारीख. ती पिशवी काही आठवडे, कधी काही महिने, कपाटात ठेवायची. दिवस भरले की माती पाण्यात ओतायची. काही तासांत त्यातून डोळे फुटलेले बारीक दोरे पोहायला लागतात. झाले मासे!

गेले दोन-तीन वीकेंड मी या माशांच्या मागे लागलोय. (सोमवार ते शुक्रवार आम्ही आयटीतले हमाल, त्यामुळे जे काय शिकायचं ते शनिवार-रविवारीच.) आता मासे म्हटलं की शेवट आमच्या वेल्ह्याच्या कातळावर कसा होतो, ते सांगण्यासाठीच आजची पोस्ट. थोडा धीर धरा.

तर, हा मासा. शास्त्रीय नाव नोथोब्रँकियस फर्झेरी. १९६८ साली झिंबाब्वेतल्या (तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या) गोनारेझू भागात तो पहिल्यांदा पकडला गेला आणि १९७१ साली शास्त्राच्या दप्तरी नोंदला गेला. बोटाएवढा जीव. नर रंगीत, मादी साधी मातकट. राहतो कुठे, तर पावसाळ्यात भरणाऱ्या आणि नंतर पार आटून जाणाऱ्या डबक्यांत. तळाला काळी चिकट माती, उन्हात भेगा पडणारी. आपल्याकडच्या काळ्या रानासारखीच.

डबकं आटणार म्हणजे सगळे मासे मरणार, यात शंका नाही. म्हणून सगळं काम घाईचं. मोझांबिकमधल्या डबक्यांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की अंड्यातून बाहेर आल्यापासून अवघ्या १४ दिवसांत हा मासा वयात येऊ शकतो. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतकी घाई दुसऱ्या कुणाची माहीत नाही. मग रोज अंडी घालायची, तीही चिखलात खुपसून. डबकं आटतं, मासे जातात, आणि अंडी त्या सुकलेल्या मातीत पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतात.

इथपर्यंत ठीक आहे. पण मला खरा धक्का पुढे बसला. याच माशाला घरी आणा, काचेच्या टाकीत ठेवा, पाणी कधीच आटू देऊ नका, रोज पोटभर खायला घाला. तरी तो मरतोच! प्रयोगशाळेतलं सगळ्यात अल्पायुषी वाण तीन-चार महिन्यांत म्हातारं होतं. रंग उडतो, पाठीला बाक येतो, शिकण्याची ताकद कमी होते, आणि खलास. म्हणजे दुष्काळ डबक्यात नाही, माशाच्या आतच आहे!

याचं उत्तर आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. प्रोग्रॅममधला जो भाग कधी चालवलाच जात नाही, त्यातले बग कधी सापडत नाहीत. ते साचत राहतात. माशाच्या बाबतीत पाचव्या महिन्यात त्रास देणारा जनुकीय बिघाड निसर्ग काढून कसा टाकणार? डबक्यात पाचवा महिना कुणी बघितलाय? सगळे आधीच मेलेले. जर्मनीतल्या कलोन शहरातल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या लोकांनी २०१९ साली या माशांचे जीनोम तपासून साधारण हेच मांडलं. कोरड्या भागातल्या, म्हणजे कमी दिवस टिकणाऱ्या डबक्यांतल्या माशांमध्ये असे बिघाड जास्त साचलेले असतात. म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत आज हा मासा आहे, तो यामुळेच. उंदराचं म्हातारपण बघायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं, याचं एका तिमाहीत दिसतं.

तुम्ही म्हणाल, हे झालं आफ्रिकेचं. आपल्याकडे काय?

आपल्याकडेही किलीफिश आहेत, पण ते बारमाही पाण्यातले. वर्षभरात आटोपणारे नव्हेत. मात्र हीच नोकरी करणारं दुसरं कुणीतरी आपल्या सह्याद्रीत आहे, आणि तुम्ही ट्रेक करत असाल तर त्याच्या शेजारी बसून भडंगही खाल्लं असेल!

भोरहून रायरेश्वरला जा, नाहीतर वेल्ह्याकडून तोरण्याच्या नाहीतर राजगडाच्या वाटेला लागा. वर सपाटीला, कातळ जिथे उघडा पडलाय तिथे, परातीएवढे, पाटाएवढे, फार तर खोलीएवढे खळगे दिसतात. घोटाभर खोल. जून-जुलैत हा सगळा मुलूख ढगात असतो आणि खळगे काठोकाठ भरतात. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा. मे महिन्यात त्याच जागी बोटभर मातीचा पापुद्रा आणि कुसळं. गडावरची खोदीव टाकी वेगळी, त्यांत बारा महिने पाणी असतं. मी म्हणतोय ते हे फुकटचे, बिननावाचे खळगे.

सह्याद्रीच्या अशा खळग्यांत पावसाळ्यात एक पारदर्शक प्राणी पोहतो. इंच-अर्धा इंच लांब, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला, पण अंगावर कवच नाही. पायांच्या अकरा जोड्या, आणि त्यांनीच पोहणं, श्वास घेणं, खाणं अशी तिन्ही कामं. सगळ्यात गंमत म्हणजे तो उताणा पोहतो! पोट वर, पाठ खाली, आणि पायांची लाट सारखी चालू. इंग्रजी नावाचं शब्दशः मराठी केलं तर 'परी कोळंबी' होतं. आमच्या गावात याला नावच नाही. आजीला विचारलं तर ती म्हणाली, "ते व्हय? पाण्यातलं किडं."

शास्त्रज्ञांनी मात्र नाव दिलंय. २०१४ साली क्रिस्टोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी सह्याद्रीतल्या अशा एका परी कोळंबीची शास्त्राला नवी असलेली जात नोंदवली: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस. सह्याद्रीच्या नावाची! विचार करा, ज्या डोंगरांवर शेकडो वर्षं माणसं, गुरं, फौजा आणि पुण्याचे ट्रेकर हिंडले, तिथल्या हाताच्या बोटाने ढवळता येईल अशा पाण्यातल्या प्राण्याला नाव मिळायला २०१४ उजाडलं. आमच्या खळग्यातली नेमकी हीच का तिची बहीण, ते नराच्या डोक्यावरच्या शिंगांसारख्या अवयवाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरतं. प्राणिशास्त्र शिकलेल्या एका मित्राने फोटो बघून कूळ तेच असल्याचं सांगितलंय, पुढचं काम तोच करणार आहे.

परी कोळंबीला स्वतःचा बचाव करता येत नाही. कवच नाही, डंख नाही, लपणं नाही. पाण्यात मासा आला की ही संपली. म्हणून जिथे मासा टिकूच शकत नाही अशा आटणाऱ्या पाण्यातच ती राहते. तिच्यासाठी आटणं हे संकट नव्हे, तटबंदी आहे. दोन-तीन आठवड्यांत वयात यायचं, अंडी घालायची, मरायचं. तिच्या अंड्याला आपण अंडं म्हणतो खरं, पण आत गर्भाची वाढ बरीच होऊन मुद्दाम थांबवलेली असते. खाऱ्या पाण्यातली तिची एक चुलत बहीण आहे, आर्टेमिया (मत्स्यालयाच्या दुकानात माशांचं खाणं म्हणून हिचीच अंडी डब्यात मिळतात). तिच्या अंड्यात पाण्याची जागा ट्रेहॅलोज नावाची एक साखर घेते आणि आतलं नाजूक सामान तडकू देत नाही. थोडक्यात, साखरेच्या पाकात मुरवलेला जीव! तो ऊन सोसतो, वाऱ्याबरोबर उडतो, म्हशीच्या खुराला चिकटून शेजारच्या खळग्यात जातो.

आता खरा प्रश्न. पाऊस पडला की अंडी उबतात, बरोबर? पण कोणता पाऊस?

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न वेगळा समजवावा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. दोन तास धो धो, खळगे भरून वाहतात, मातीचा वास सुटतो. आणि चार दिवसांत सगळं पुन्हा तव्यासारखं. आजी वळवाच्या पावसाला "लबाड" म्हणते. त्याच्यावर भरवसा ठेवून पेरलं की दुबार पेरणी ठरलेलीच. शेतकरी निदान मृगाची वाट बघू शकतो, शेजाऱ्याला विचारू शकतो. खळग्यातल्या अंड्याने कुणाला विचारायचं?

कागदावर हिशोब मांडू. (सोयीचे आकडे घेतोय, भावार्थ बघा.) समजा १००० अंडी आहेत. चांगल्या पावसात बाहेर आलेला प्रत्येक जीव १० नवी अंडी ठेवून जातो. लबाड पावसात बाहेर आलेले सगळे अंडी न घालताच मरतात. एक पाऊस चांगला, एक लबाड.

पहिली पद्धत, सगळ्यांनी बाहेर पडायचं. चांगल्या पावसात १००० चे १०,००० झाले. वा! पुढच्या लबाड पावसात १०,००० चे शून्य. खेळ खलास, कायमचा.

दुसरी पद्धत, निम्म्यांनीच बाहेर पडायचं. चांगल्या पावसात ५०० बाहेर, त्यांची ५००० अंडी, मातीत राहिलेली ५००, मिळून ५५००. मग लबाड पाऊस. निम्मी गेली, २७५० उरली. हजाराचे पावणेतीन हजार, आणि खेळ चालू.

वाळवंटातल्या वर्षायू झाडांच्या बियांसाठी हे गणित डॅन कोहेन यांनी १९६६ साली मांडलं. पाऊस जितका बेभरवशाचा, तितकी जास्त अंडी मातीत मागे ठेवणारा टिकतो. आफ्रिकेतल्या किलीफिशचंही तेच. एकाच मादीची अंडी, एकाच चिखलात, पण काही लवकर तयार होतात आणि काही वाढ थांबवून पडून राहतात. आमच्या भाषेत, सगळा डेटा एका सर्व्हरवर ठेवायचा नाही. आजीच्या भाषेत, कणगीतलं बियाणं एका दमात रिकामं करायचं नाही.

हे वाचून गप्प बसवेना. मागच्या मे महिन्यात गावाकडच्या एका खळग्यातली दोन वाट्या सुकी माती आणली. बाल्कनीत काचेचं भांडं ठेवलं, वळवाचं पाणी गच्चीवर घमेल्यात धरलंच होतं, ते ओतलं. (नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं.) पहिल्या दिवशी नुसता गढूळपणा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येऊन टॉर्च मारला, तर पाण्यात पांढरे ठिपके झटके देत फिरत होते. पुढे ते लांब झाले, उताणे झाले, पाय दिसायला लागले. मोजायला गेलो तर चाळीसच्या आसपास. ते गेल्यावर भांडं उन्हात पार कोरडं केलं, महिनाभर तसंच ठेवलं आणि पुन्हा भिजवलं. पुन्हा आले! "त्यांचीच पिल्लं असतील," आई म्हणाली. रास्त शंका. पण मी पहिल्याच दिवशी अर्धी माती वेगळ्या भांड्यात भिजवली होती, आणि त्यातले ठिपके मोठे व्हायच्या आत, चौथ्या दिवशी, भांडं वाळवून टाकलं होतं. म्हणजे खोटा वळीव. त्या भांड्यात अंडी घालायला कुणी उरलंच नव्हतं. ते पुन्हा भिजवलं, तरी नवे ठिपके आले. थोडे, पण आले. हे पहिल्या पावसाला न फसलेले. त्या रात्री डॅन कोहेनचं गणित मला माझ्या बाल्कनीत दिसलं.

आता कातळावर येतो.

आमच्या सातबाऱ्यावर लागवडीच्या क्षेत्राखाली एक ओळ आहे: पोटखराब. ज्यात काही पिकत नाही, म्हणून ज्याच्यावर सारा नाही, ते क्षेत्र. आमचा पोटखराब म्हणजे घरामागच्या माळाचा कातळ आणि त्यातले सात खळगे. लहानपणी पावसात आम्ही तिथे कागदाच्या होड्या सोडायचो. बाकी त्याचा उपयोग कुणालाच नव्हता. यंदा झाला. रस्ता रुंद झाला, पुण्याहून गाड्या यायला लागल्या, आणि एक एजंट माळ बघून गेला. डोंगराचा देखावा सगळ्यात चांगला दिसतो तो नेमका कातळावरून. "साहेब, चार ट्रॉल्या मुरूम टाकला की खड्डे बुजले. एकदम लेव्हल."

काकांना विकायचंय. त्यात त्यांचं काही चूक नाही. त्यांच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, धाकटीच्या नर्सिंगची फी आहे, आणि माझ्यासारखा दर महिन्याच्या शेवटी पगार जमा होत नाही. मी परी कोळंबीचं सांगितलं, तेव्हा ते हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अरे, त्या कातळावर आजवर कुसळं सोडून काय उगवलंय? आणि तुझं हे किडं आत्ता हायेत कुठं, दाखव बरं."

मे महिना होता. दाखवायला काहीच नव्हतं.

अडचण नेमकी हीच आहे. वाघ दिसतो, गवा दिसतो, कासची फुलंसुद्धा महिनाभर दिसतात. हा प्राणी वर्षातले बरेच महिने धूळ असतो. आणि जमिनीचे सगळे निर्णय, मोजणी, सौदे, जेसीबी, हे उन्हाळ्यातच होतात! पावसात कोण येतंय माळावर? मुरूम पडतो तो त्याच काळात, जेव्हा खळगा कोरडा असतो आणि आत काही नाही अशी सगळ्यांची खात्री असते. परी कोळंबीने लबाड पावसाची तयारी केलीय, लागोपाठच्या कोरड्या वर्षांची केलीय. मुरमाची करता आलेली नाही. अंडी वाट बघतील, पण वर दोन फूट भराव पडल्यावर ती कुठल्या पाण्याची वाट बघणार?

मी काकांना विकू नका म्हटलेलं नाही. तसं म्हणायचा मला अधिकारही वाटत नाही. मी एवढंच म्हटलंय की वाटणीत रस्त्याकडेची बाजू काका आणि बाबांनी घ्यावी, आणि तो कातळ माझ्या नावावर टाकावा. पैशात बघितलं तर हा सौदा तोट्याचा आहे, आणि एक्सेल मलाही येतं. बाबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "पुढे मुलं विचारतील, बापाने कातळ का घेतला, तर काय सांगशील?" मी म्हटलं, पावसात विचारलं तर दाखवेन. उन्हाळ्यात विचारलं तर दोन वाट्या माती आणि भांडंभर पाणी द्यावं लागेल.

काका अजून काही बोललेले नाहीत. पण परवा फोनवर, दुसऱ्याच कुठल्या विषयात, मध्येच म्हणाले, "औंदा पाऊस लागला की ये. बघू तरी तुझं किडं." मी जुलैतल्या दोन शनिवारांची रजा आधीच टाकून ठेवलीय. (हो, आमच्याकडे शनिवारचीही टाकावी लागते, रिलीजच्या महिन्यात :) )

असो. तुम्ही यंदा रायरेश्वरला, तोरण्याला, राजगडाला गेलात, तर कातळावरच्या खळग्याशी दोन मिनिटं उकिडवे बसा. हात धुऊ नका त्यात, ताटं तर नकोच नको. सावली पडू न देता नुसतं बघा. आणि उन्हाळ्यात गेलात, तर तंबूचा खुंटा ठोकताना, गाडी वळवताना, त्या मातीच्या पापुद्र्याला जरा वळसा घाला.

वाटणीचं काय झालं ते जुलैनंतर कळवतो.